आधी हवा, मग माणूस

खोली दाखवायच्या आधी त्यांनी मला एकच प्रश्न विचारला. गाव कुठलं, लग्न झालंय का, सोबत कोण राहणार, यातलं काही नाही.

"न्हाणीत गॅसवर पाणी तापवताना खिडकी उघडी ठेवता का झाकता?"

"उघडी ठेवते," मी म्हणाले. खरं तर सांगलीतल्या आमच्या घराच्या न्हाणीला खिडकीच नव्हती. पण वैशाखातलं ऊन, हातात दोन बॅगा, आणि गावात स्वतंत्र न्हाणी असलेली भाड्याची खोली ही एवढीच.

"मग तुमाला दिली," ते म्हणाले.

मी उंबऱ्यावर पाय ठेवणार तोच त्यांनी हात आडवा घातला. "थांबा. दोन म्हैनं बंद हाय खोली." खिशातून त्यांनी एक पिवळं यंत्र काढलं, लहानशा मोबाइलएवढं. ते काठीच्या टोकाला अडकवलं, काठी खोलीत सरकवली आणि मनगटावरच्या घड्याळाकडं बघत उभे राहिले. मिनिटभरानं काठी बाहेर घेऊन आकडा वाचला. "वीस पॉइंट नऊ. ऑक्सिजन पुरता हाय. या आत."

माणूस जरा सरकलेला आहे असं मला वाटलं. तिथं राहिले ती तीन वर्षं माझं ते मत बदललं नाही. फक्त त्याबद्दलची तक्रार संपली.

माण तालुक्यातल्या त्या गावात मी आरोग्य उपकेंद्रावर नर्स म्हणून रुजू झाले होते. माझ्या या घरमालकांना सगळं गाव 'बोटवाले' म्हणायचं, मी काका म्हणायचे. त्यांचे वडील मेंढरं राखायचे. उन्हाळ्यात कळपाला प्यायला पाणी मिळावं म्हणून मैलोन् मैल हिंडणाऱ्या घरातला हा पोरगा मुंबईला गोदीत कामाला असलेल्या चुलत्याकडं गेला, आणि तिथून तेलाच्या जहाजावर चढला तो पस्तीस वर्षं पाण्यावरच राहिला. आधी खलाशी, नंतर पंपमन. म्हणजे जहाजाच्या पोटातल्या टाक्यांत तेल भरून घ्यायचं, उपसायचं आणि रिकाम्या टाक्या धुऊन घ्यायच्या. अशा टाकीतली हवा विषारी असते. ती जोखायचं काम त्यांनी इतकी वर्षं केलं की घरी आल्यावरही ते त्यांना सोडवेना.

गावातल्या लोकांना परदेशाच्या गोष्टी हव्या असत. पारावर कुणी विचारायचं, "बोटवाले, सिंगापूर कसं हाय वो?"

"टाकीच्या झाकणाचा एक बोल्ट गंजल्याला व्हता तिथं," ते सांगायचे. "दोन तास गेलं सोडवायला."

एवढंच त्यांचं सिंगापूर.

त्यांच्या खांद्यावर कायम दोरीचं एक वेटोळं असायचं. कुणाच्या गोबरगॅसच्या टाकीचं झाकण उघडलेलं दिसलं की रस्त्यात थांबायचे. कुणी मुरघासाच्या खड्ड्यात वाकून बघत असला की लांबूनच ओरडायचे. एकदा मी म्हणाले, "काका, गॅस असता तर वास आला असता की."

ते चहा पीत होते. त्यांनी कपच खाली ठेवला.

"सिस्टर, तुमी शिकल्याल्या. तुमी असं म्हणू नका. नाक लय लबाड हाय. एक गॅस असा हाय, सुरवातीला सडक्या अंड्यावानी वास मारतो आन् वाढला की वास यायचाच बंद हुतो. माणसाला वाटतं, गेला गॅस. गॅस न्हाई गेला, नाक गेलं. आन् इंजिनाच्या धुरातला जो मारणारा गॅस हाय, त्येला तर मुळातच वास न्हाई. आला कवा आन् धरलं कवा, कळत बी न्हाई."

त्यांचं ते पिवळं यंत्र एका लग्नात सगळ्या गावाला माहीत झालं. मांडवामागच्या बंद खोलीत जनरेटर लावला होता आणि त्याच्या शेजारच्या खोलीत नवरीला सजवत होते. काका अक्षता घ्यायला जाताना तिथून गेले आणि यंत्र किंचाळायला लागलं. बँडवाल्यांना वाटलं, कुणीतरी चुकीचा सूर धरला. काकांनी कुणाला काही विचारलं नाही. खोलीत शिरून नवरीला, करवलीला, दोन मावश्यांना दंडाला धरून बाहेर काढलं आणि झाडाखाली खाटेवर आडवं केलं. शालूतली नवरी मुंडावळ्यांसकट निजलेली, आणि काका वरपित्याला सांगतायत, "मुहूर्त टळला तर टळू द्या. डोकं दुखायचं थांबल्याबिगर हिला उभी करायची न्हाई." नवरीनंच सांगितलं की सकाळपासून डोकं ठणकतंय आणि मळमळतंय. घरच्यांना वाटत होतं, सासरी जायचं म्हणून असेल.

त्या लग्नानंतर गाव त्यांना हसायचं थांबलं असेल असं वाटेल, पण तसं झालं नाही. गाव जास्तच हसायला लागलं. संपत नावाचा एक डाळिंबवाला शेतकरी होता, तो तर त्यांना बघितलं की तोंडानं 'पीं पीं' आवाज काढायचा. ते यंत्र दर सहा महिन्यांनी मुंबईला नेऊन तपासून आणावं लागायचं. त्यावरून संपतनं उठवलं होतं की तिकडं बोटवाल्यांचं दुसरं बिऱ्हाड आहे. ही बातमी काकींच्या कानावर गेली तेव्हा त्या भाकरी थापत होत्या.

"असंना का," त्या म्हणाल्या. "तिच्या न्हाणीची बी खिडकी उघडून येत असत्याल."

माझ्या उपकेंद्रावर बुधवारी लसीकरण असायचं. ते आटोपलं की काका यायचे, भुसा भरलेलं पोतं खाटेवर ठेवायचे आणि जमलेल्या आयांना शिकवायचे. गॅस लागलेल्या माणसाला आधी मोकळ्या हवेत आणायचं. श्वास चालू आहे का बघायचं. चालू असेल आणि शुद्ध नसेल तर कुशीवर वळवायचं, म्हणजे ओकारी नरड्यात जात नाही. श्वास नसेल तर तोंडानं नाहीतर फुग्यानं द्यायचा. फुगा म्हणजे श्वास द्यायची रबरी पिशवी. ती माझ्या कपाटात होती. अंगावर पांघरूण घालायचं. बरं वाटलं तरी चालू द्यायचं नाही.

"आन् कांदा?" एकदा संपतच्या आईनं विचारलं. पारूआत्या म्हणायचे तिला सगळे. तिचा धाकटा मुलगा फौजेत होता.

"कांदा भज्यात घाला."

"चप्पल?"

"पायात घाला. बेशुद्ध माणसाला कांदा हुंगवायचा न्हाई, चप्पल हुंगवायची न्हाई, पाणी पाजायचं न्हाई."

"आवं, मग हुंगवायचं तरी काय?"

"हवा," काका म्हणाले. "आन् सगळ्यात पयलं, आपुन आत उडी टाकायची न्हाई. आधी हवा, मग माणूस."

हे शेवटचं वाक्य बायकांना पटायचं नाही. आपलं माणूस आत पडलंय आणि आपण बाहेर उभं राहायचं, हे ऐकायलाच वंगाळ, असं पारूआत्या म्हणायची.  काका पोतं उचलून घरी जायचे.

तिसऱ्या वर्षी उन्हाळ्यात संपतच्या विहिरीचं पाणी तळाला गेलं. गाळ काढायचं ठरलं. सकाळी दहा-साडेदहाची वेळ. मी उपकेंद्रावर निघाले होते, काका ओसरीत चहा पीत होते. एकदम त्यांनी मान वर केली. "इंजिनाचा आवाज कुठनं येतूय?"

मला काहीच वेगळं वाटत नव्हतं. रोज कुठं ना कुठं इंजिन चालू असायचंच.

"जमिनीतनं येतूय," ते म्हणाले आणि उठले. "इंजिन खाली सोडलंय! सिस्टर, फुगा घ्या!"

ते बनियनवरच निघाले, दोरी आणि यंत्र तेवढं उचलून. मी वाटेतल्या उपकेंद्रात शिरून कपाटातून पिशवी घेतली आणि मागं धावले. पाणी खोल गेल्यामुळं वरचा पंप ओढेना, म्हणून त्यांनी डिझेलचं इंजिन यारीनं विहिरीत उतरवलं होतं. यारी म्हणजे विहिरीतली माती वर ओढायची क्रेन. इंजिन दोन तास आत चालू होतं. अर्ध्या मैलावरच्या त्या मळ्यात आम्ही पोचलो तेव्हा ते बंद होतं. पाणी उपसून झालं म्हणून वरून दोरीनं बंद केलं होतं, आणि संपत पायऱ्यांनी खाली उतरला होता. खालून त्याचा आवाज येईना म्हणून यारीवरचा एक गडी बघायला उतरला होता. आता त्याचाही आवाज येत नव्हता. काठावर पंधरा-वीस माणसं होती, आणि संपतचा धाकटा भाऊ, सुट्टीवर आलेला फौजी, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून कठड्यावर पाय टाकत होता.

काकांनी त्याला मागून कमरेला मिठी मारली.

"सोडा! भाऊ हाय माझा आत!"

"म्हणून तर धरलंय!"

फौजी सहा फूट, काका अडुसष्ट वर्षांचे. त्यानं वळून त्यांच्या तोंडावर एक ठोसा दिला. काकांची वरची कवळी बाहेर पडली आणि धुळीत जाऊन पडली. तोंडातून रक्त आलं, पण मिठी सुटली नाही. ते ओरडायला लागले, "बछा ह्येच्यावर! बछा!" 'बसा' म्हणायचं होतं, पण दात नसल्यामुळं कुणाला कळेना. लोक नुसते बघत राहिले.

मग ते पारूआत्याकडं वळले. ती कठड्याला धरून उभी होती. काका सावकाश, एकेक शब्द सुटा करून बोलले, आणि ते मात्र सगळ्यांना कळलं.

"पारू. दोन माणसं आत गेल्यात. आता ह्यो बी जाऊ द्यायचा का?"

पारूआत्यानं एकदा विहिरीकडं बघितलं. मग ती आली, धाकट्याच्या गळ्याला हात टाकून त्याला खाली ओढलं आणि त्याच्या छातीवर बसली. तिच्या मागोमाग चारजण त्याच्या हातापायांवर बसले. तो ओरडत होता, आईला शिव्या देत होता. ती त्याच्या तोंडावरून हात फिरवत होती आणि रडत होती. पण उठली नाही.

त्यानंतरची दहा-बारा मिनिटं मला सलग आठवत नाहीत, तुकड्यातुकड्यानं आठवतात. काकांनी यंत्र दोरीला बांधून खाली सोडलं. अर्ध्यावरच त्याची किंचाळी सुरू झाली. काकी धावत आल्या, डोक्यावर ताडपत्रीची एक लांबलचक बाही. टाकीत हवा सोडायला जहाजावर असते तशी काकांनी ती शिवलेली होती आणि काकी तिच्यावर कुरडया वाळवायच्या. चार-पाच कुरडया चिकटलेल्याच होत्या. संपतच्याच खळ्यावरचा उफणणीचा विजेचा पंखा ओढून आणला, बाहीचं तोंड त्याला बांधलं, दुसरं टोक तळापर्यंत सोडलं. नशिबानं लाइट होती. बाही फुगली, आणि विहिरीतून गरम, करपट हवा आमच्या तोंडावर यायला लागली.

"वारं कुठनं हाय? त्या अंगाला उभं राहा सगळी!" बिनदातांचं बोलणं आता सगळ्यांना कळत होतं.

यंत्र पुन्हा सोडलं. किंचाळलं. वर घेतलं, थांबले, पुन्हा सोडलं. मी म्हणाले, "काका, वेळ जातोय." त्यांनी माझ्याकडं बघितलंच नाही. चौथ्यांदा यंत्र तळाला गेलं आणि गप्प राहिलं. तेव्हा कुठं त्यांनी दोरी स्वतःच्या काखेखालून घेतली, यंत्र छातीवर अडकवलं आणि म्हणाले, "पंखा बंद झाला तर इचारू नका. मला वर वढा."

आधी संपत वर आला, यारीच्या दोरावर, मान लोंबत. मागून गडी आला; त्याला चिखलात बसल्याजागी ग्लानी आली होती, तो कण्हत होता. संपतचा श्वास मात्र लागत नव्हता. मी त्याला सपाट निजवलं, मान मागं केली, फुगा लावला. दाबला, सोडला. दाबला, सोडला. नाडी होती, बारीक. कुणीतरी मागून म्हणालं, "कांदा आणा रं!" आणि पारूआत्या धाकट्याच्या छातीवर बसल्या बसल्याच ओरडली, "खबरदार कुणी कांदा आणला तर!"

किती वेळा दाबला ठाऊक नाही. संपतच्या छातीत काहीतरी अडखळलं, त्याला ठसका आला, आणि त्यानं स्वतःचा श्वास घेतला. त्याला कुशीवर वळवलं. तेव्हा मला कळलं की माझे गुडघे खडीवर सोलवटून निघालेत.

काका सगळ्यात शेवटी वर आले. गड्यासाठी घोंगडं मागत होते, रुग्णवाहिकेला फोन केला का विचारत होते, आणि बोलता बोलता झोकांडी गेली. मी दंड धरला. "आडवे व्हा."

"मला काय धाड भरलीय? मी ठीक हाय."

"बरं वाटलं तरी चालू द्यायचं नाही. कुणी शिकवलंय?"

ते निमूट संपतशेजारी आडवे झाले. काकींनी त्यांच्या अंगावर घोंगडं टाकलं आणि चारी बाजूंनी घट्ट खोचलं. मे महिन्याच्या उन्हात काका घोंगड्यात, बोळक्या तोंडानं आभाळाकडं बघत.

रुग्णवाहिकेत ऑक्सिजन होता. साताऱ्याच्या दवाखान्यात तिघांनाही ठेवून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी संपतला इतकं बरं वाटायला लागलं की तो चप्पल शोधायला लागला. शेजारच्या खाटेवरून काकांनी तोंडानं 'पीं पीं' असा आवाज काढला. संपत गपकन आडवा झाला.

गावी परतल्यावर दोन दिवसांनी फौजी घरी आला. हातात रुमालाची पुरचुंडी. त्यात काकांची कवळी होती, घासूनपुसून लखलखीत केलेली. त्यानं ती ओट्यावर ठेवली आणि खाली वाकला.

"काका, मी हात उचलला तुमच्यावर."

"उचललास. चांगला जोरात." काकांनी त्याला पाठीवर हात ठेवून उठवलं. "माझ्यावर राग हाय का अजून?"

 फौजी खरं ते बोलला. "थोडा हाय. कळतं समदं. पर तुमी मला भावाकडं जाऊ दिलं न्हाई, त्ये इसरत न्हाई."

"न्हाईच इसरायचं," काका म्हणाले. "लय वरीस न्हाई इसरत."

तो गेल्यावर काकांनी मला बसवून घेतलं आणि तीन वर्षांत जे कधी सांगितलं नव्हतं ते सांगितलं. ते नवीनच जहाजावर लागले होते. एका टाकीत एक खलाशी कोसळला. त्याला काढायला दुसरा उतरला. दुसऱ्याला काढायला तिसरा. तिसरा काकांचा चुलतभाऊ, त्यांना बोटीवर लावणारा. चौथे काका होते. झाकणातून एक पाय आत गेलेला असताना सारंगानं, म्हणजे खलाशांच्या मुकादमानं, त्यांना मागं ओढलं आणि त्यांच्यावर बसला. हवा सोडून माणसं वर काढेपर्यंत बसून राहिला. तिघंही गेले.

"त्या सारंगाशी मी पुन्हा बोललो न्हाई, सिस्टर. ती सफर संपली, बोट बदलली. मला कळत व्हतं. तरीबी माझ्या मनात त्यो, मला भावाकडं जाऊ न दिल्याला माणूस. बाकी आयुष्य त्यानं दिल्यालं, आन् मी त्येला साधं रामराम केला न्हाई." ते उठले, डायरी आणली. एका जुन्या सोबत्यानं दिलेला सारंगाचा नंबर त्यात कितीतरी वर्षं पडून होता. "लावा जरा. माझं बोट चालंना."

मी नंबर लावला आणि स्पीकर चालू केला. काकींनी दारात येऊन पदराला हात पुसले. बऱ्याच वेळानं रत्नागिरीकडचा एक म्हातारा आवाज आला.

"कोण बोलतो?"

"सारंग, मी... लय जुनी गोष्ट हाय. तेलाच्या बोटीवर व्हतो तुमच्यासंगं. नवा खलाशी. माणचा. तुमी माझ्यावर बसला व्हता."

पलीकडून मग आवाज आला, "माणचा? चावलास तो?"

काका माझ्याकडं बघायला लागले.

"चावलो? मी?"

"नाही तर कोण! दंडाला असा चावलास, अजून वण आहे. नातवंडांना सांगतो, मगर चावली म्हणून."

काकी पदरात तोंड घालून हसायला लागल्या. मग काकाही हसले, इतके की डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते पाणी हसायचं थांबल्यावरही थांबलं नाही.

"सारंग," ते शेवटी म्हणाले, "तुमी मला उठू दिलं न्हाई. बरं केलं."

"तिसरा भाऊ होता ना तुझा?"

"व्हय."

"मला ठाऊक होतं. म्हणून दुसऱ्या कुणाला सांगितलं नाही, मीच बसलो." पलीकडं खोकला झाला. "बायको आहे?"

"हाय. इथंच उभी हाय."

"मग घेऊन ये तिला. आंबे संपायच्या आत ये."

पुढच्या आठवड्यात दोघं रत्नागिरीच्या एसटीत बसले. काका बोटीवर असतानाच्या सगळ्या वर्षांत काकींनी समुद्र पाहिला नव्हता. चार दिवसांनी परतले तेव्हा काका आंब्याची पेटी उतरवण्यात गुंतले होते. मी काकींना विचारलं, "काय म्हणाला समुद्र?"

"मोप मोठा हाय," त्या म्हणाल्या आणि माझ्या कानाजवळ आल्या. "आन् वण बी बघितला. आठ दात उठल्यात. मोजून आले मी."